समुद्रासमोरची खोली

कोल्हापूरच्या माणसाला आपल्या गावाला समुद्र नाही याचे दुःख कधी फारसे झालेले नाही. त्याला रंकाळा आहे. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठी भेळ खावी, वाऱ्यावर थोडे फिरावे आणि दिवेलागणीला घरी परतावे, एवढ्यात त्याची पाण्याची हौस भागते. तरीही हाच माणूस दिवाळीचा उरलासुरला फराळ डब्यांत भरून, मुलाबाळांना मोटारीत कोंबून घाट उतरतो आणि थेट मालवणला जाऊन धडकतो. भाऊबीज आटोपली की मालवणच्या रस्त्यावर 'एमएच ०९'च्या पाट्या इतक्या दिसू लागतात की, आपण महाद्वार रोडवरच उभे आहोत असा एखाद्याचा समज व्हावा.

तशी ही हौस नवी असली तरी नाते मात्र जुने आहे. मालवणसमोर भर समुद्रात जो सिंधुदुर्ग उभा आहे, त्याची पायाभरणी शिवछत्रपतींनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी केली. पुढे हा किल्ला करवीरच्या छत्रपतींकडे आला. १७६५ साली इंग्रजांनी तो जिंकून त्याचे 'फोर्ट ऑगस्टस' असे बारसेही केले होते. पण खडकावरचा हा संसार त्यांना परवडला नाही, आणि पुढच्याच वर्षी पैसे घेऊन त्यांनी तो कोल्हापूरच्या जिजाबाईंच्या राज्याला परत दिला. मालवण कोल्हापूरच्या हातून कायमचे गेले ते १८१२ च्या तहाने. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे कोल्हापूरला स्वतःचा समुद्र होता, स्वतःचे बेट होते. हल्ली तो समुद्र आपण शनिवार-रविवार भाड्याने घेतो, इतकेच.

बेटावर राहायचेच असे ज्याच्या मनात असेल त्याला सिंधुदुर्गाचा मोह पडेल. कुरटे बेटावरच्या त्या तटबंदीच्या आत आजही काही कुटुंबे राहतात. शिवराजेश्वराचे मंदिर आहे, महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत, आणि चहूकडे खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. पण पाहुणा तिथे राहत नाही. दोनएक तासांत किल्ला पाहायचा आणि होडीने परत फिरायचे, अशी रीत. पावसाळ्यात तर होड्याच बंद असतात. मग बेटाची तहान भागवायची कुठे? त्याचे उत्तर मालवणच्या दक्षिणेला, तारकर्लीच्या पुढे, दहाबारा किलोमीटरवर आहे. त्या जागेचे नाव देवबाग.

भूगोलाच्या पुस्तकात बेटाची जी व्याख्या असते, तिच्यात देवबाग बसत नाही. ही वाळूची एक लांबट जीभ आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीतून येणारी कर्ली नदी, आणि दोघांच्या मध्ये माडांची दाट रांग. टोकाला नदी समुद्राला मिळते. पलीकडे वेंगुर्ले तालुक्यातला भोगव्याचा किनारा आणि निवतीचा डोंगर दिसतो. गावात शिरायला एक अरुंद रस्ता. समोरून एस.टी. आली की मोटारवाल्याने कुणाच्या तरी अंगणात शिरावे आणि अंगणवाल्याने "सावकाश येवा" म्हणून हात दाखवावा, हा तिथला वाहतुकीचा नियम! तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला हा असला रस्ता. याला बेट म्हणायला आमची तरी हरकत नाही.

आम्ही कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर करीत फोंडा घाटाने उतरलो. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर; पण घाटातली वळणे, कणकवलीतला चहा आणि मागच्या सीटवरच्या दोन चिरंजीवांच्या उलट्या धरून सहा तास लागले. गगनबावड्यावरूनही जाता येते. कोणता घाट चांगला यावर कोल्हापुरात दोन तट आहेत, आणि ते कधी एक होतील असे वाटत नाही.

हॉटेल म्हणून जिथे उतरलो ते वास्तविक एक घर होते. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगळुरी कौले, पुढे शेणाने सारवलेले अंगण, तुळस, झोपाळा. घराच्या आजूबाजूला पाहुण्यांसाठी पाच खोल्या काढलेल्या. घरधनी पूर्वी रापणीवर जात असत. आता त्यांचा थोरला मुलगा पाहुण्यांना होडीतून संगमावर नेतो आणि सगळा कारभार घरातल्या काकी पाहतात. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तारकर्लीच्या सुरूच्या बनात पर्यटन महामंडळाचे निवास उभे राहिले, महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेने घरातल्या खोल्या पाहुण्यांना देण्याची वाट दाखवली, आणि ज्या कोळ्या-गाबितांच्या घरांत पूर्वी जाळी वाळत असत, तिथे पांढऱ्या चादरी वाळू लागल्या.

मालदीवात १९७२ साली कुरुंबा नावाचे पहिले हॉटेल निघाले, आणि एका बेटावर एकच हॉटेल अशी तिथली पद्धत पडली. अशा हॉटेलातल्या पाहुण्याला बेट मिळते, पण बेटवाल्यांचे घर काही मिळत नाही. देवबागला पाहुणा थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन पडतो. पहाटे उठून पाहावे तर काकी खोबरे खवत बसलेल्या. न्याहारीला घावणे आणि नारळाची चटणी, किंवा आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. एके दिवशी नारळाच्या गोड रसात बुडवलेले शिरवाळे मिळाले. त्यावर आमच्या मातोश्रींनी दुपारचे जेवण रद्द केले. मातोश्री शाकाहारी, त्यामुळे त्यांचे कसे होणार ही चिंता आम्ही कोल्हापुरापासून वाहून नेली होती. ती पहिल्या तासात संपली. बाकीच्यांसाठी तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले, तळलेली सुरमई, तिसऱ्या आणि वर सोलकढी. आमच्या पुतण्याने मात्र पहिल्याच रात्री, "काकी, रस्सा जरा झणझणीत करा की ओ," अशी फर्माईश केली. काकी हसल्या आणि म्हणाल्या, "कोल्हापुरातसून इलेलो दिसता!" कोल्हापूरचा पाहुणा जिभेवरून ओळखतात, ती अशी.

एकांत म्हणाल तर तो आहे आणि नाहीही. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस, नाताळ आणि मे महिना टाळा. त्या दिवसांत संगमाजवळच्या वाळूच्या दांड्यावर जत्रा भरते. या दांड्याला 'सुनामी आयलंड' म्हणतात. २००४ च्या सुनामीनंतर तो वर आला असे होडीवाले सांगतात. भरती आली की तो पाण्याखाली जातो, ओहोटीला पुन्हा वर येतो आणि त्याच्यावर चहाभजी मिळू लागतात. तिथून पाण्यावर धावणाऱ्या मोटारसायकलींचा जो कर्कश आवाज सुरू होतो, तो दुपारपर्यंत थांबत नाही. पाण्याखाली उतरून प्रवाळ आणि मासे पाहण्याची सोय मालवण-तारकर्लीला आहे, ती मात्र चुकवू नये. सिंधुदुर्गाभोवतीचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे पाण्यात उतरणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते, कोण जाणे.

आधल्या-मधल्या वारी गेलात, तर देवबाग तुमचे. सकाळी सहाला किनाऱ्यावर खेकड्यांच्या नक्षीशिवाय काही नसते. कधी रापण लागते. होडीतून मोठे जाळे समुद्रात अर्धगोल सोडून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढायची, ही जुनी पद्धत. वीस-तीस माणसे दोरीला लागतात आणि मिळेल त्या मासळीचे वाटे होतात. आमची मुलेही दोरीला लागली. तासाभराने जाळे आले तेव्हा त्यात थोडे पेडवे, चार बांगडे आणि बराचसा प्लॅस्टिकचा कचरा होता. एका म्हाताऱ्याने तो कचरा निमूटपणे वेगळा काढून किनाऱ्यावर ठेवला. त्यात चकलीचे एक रिकामे पाकीट होते. छाप आमच्या ओळखीचा.

रात्री दिवे मालवले की समुद्राचा आवाज खोलीत शिरतो. पहिल्या रात्री झोप लागत नाही आणि शेवटच्या रात्री तो आवाज घरी कसा न्यावा याचा विचार पडतो. काळोखाच्या रात्री क्वचित लाटेची कड निळसर पेटलेली दिसते. पाण्यातल्या अतिसूक्ष्म जीवांना धक्का लागला की ते प्रकाशतात. आम्हाला ते दृश्य एकदा, दहा मिनिटेच दिसले. आमच्या धाकट्याने त्यात हात बुडवून पाहिला आणि हात नुसताच ओला झालेला पाहून फार निराश झाला.

आता ज्या खोलीत हे सारे सुख मिळते, तिच्याविषयी. देवबागला फोन करणारा शंभरातला नव्वदावा माणूस एकच प्रश्न विचारतो: "रूम सी-फेसिंग आहे ना?" दार उघडले की समुद्र दिसला पाहिजे, जमल्यास पलंगावरून दिसला पाहिजे. आम्हीही तेच विचारले होते, आणि आम्हाला पहिल्या दोन रात्री तशी खोली मिळालीही. दारापासून पाण्यापर्यंत भरतीच्या वेळी साठ-सत्तर पावले. छायाचित्रे उत्तम आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकींबरोबर माडांतून चालत असताना एक गोष्ट ध्यानात आली. काकींचे जुने घर समुद्रासमोर नव्हतेच! ते माडांच्या आत, जवळजवळ खाडीच्या बाजूला होते. आजूबाजूची जुनी घरेही तशीच. समुद्राच्या बाजूला पूर्वी होड्या, जाळी आणि एखादी झावळ्यांची खोप एवढेच असे. मध्ये वाळूची एक बुटकी टेकडी आणि तिच्यावर पसरलेली मर्यादवेल. जांभळ्या फुलांची ही वेल वाळूत मुळे रोवीत लांबच लांब सरपटत जाते आणि उडणारी वाळू धरून ठेवते. कोकणातल्या माणसाने तिला नावही नेमके दिले. समुद्र दिसावा म्हणून खोल्या पुढे आल्या तेव्हा ठिकठिकाणी टेकडी सपाट झाली आणि वेल उपटली गेली. पाहुण्याच्या पायात ती अडकते ना!

"म्हाताऱ्यांनी समुद्राकडे पाठ करून घरा बांधल्यानी, ता काय उगाच?" काकी म्हणाल्या. "पण पाठीमागची खोली कोण घेता?"

वाळूचा किनारा म्हणजे न हलणारी जमीन, अशी घाटावरच्या माणसाची समजूत असते. वस्तुतः तो एक चालता व्यवहार आहे. पावसाळ्यातल्या उंच लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात. हिवाळा-उन्हाळ्यातल्या शांत लाटा ती हळूहळू परत आणून टाकतात. नदीही वरून वाळू आणते. जमा आणि खर्च जुळले की किनारा जागच्या जागी राहतो. खाडीतून वाळू उपसली की जमा घटते. टेकडी सपाट केली की शिल्लक संपते. मग समुद्र घराशी येतो. तो थोपवायला दगडी बंधारा घालावा लागतो, आणि देवबागला तो ठिकठिकाणी घातलेला आहे. बंधाऱ्याने मागची जमीन वाचते हे खरे. पण लाट दगडावर आपटून मागे फिरताना पायथ्याची वाळू घेऊन जाते आणि बंधाऱ्यासमोरचा किनारा बारीक होत जातो. बंधारा जिथे संपतो, तिथल्या पुढच्या घराची पंचाईत वेगळीच. म्हणजे ज्या वाळूवर बसायला पाहुणा येतो ती गेली, आणि बंधारा काढावा तर घर गेले.

विहिरीचेही तेच. समुद्र इतका जवळ असून काकींच्या विहिरीचे पाणी गोड आहे. पावसाचे पाणी वाळूतून खाली मुरते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. हिशेब असा सांगतात की, समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी साठलेले असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा साठा असतो. उलटही तितकेच खरे. वरचे फूटभर पाणी पंपाने उपसले की खालून खारे पाणी चाळीस फूट वर सरकू पाहते. पाच खोल्यांतले पाहुणे समुद्रात डुंबून आल्यावर दिवसातून तीनदा गोड्या पाण्याने अंघोळ करतात. मेमध्ये विहिरीचे पाणी मचूळ लागते, असे काकींनी सहज सांगितले. त्यानंतर आमच्या घरातल्या तीन अंघोळींच्या दोन झाल्या. एकावर यायला चिरंजीव तयार नव्हते.

क्यार वादळाची हकीकत मात्र त्यांनी सहज सांगितली नाही. आमच्या सौभाग्यवतींनी विचारली म्हणून सांगितली. क्यार २०१९ च्या ऑक्टोबरात आले, ऐन दिवाळीत. वादळ किनाऱ्यावर आदळले नाही, दूरून समुद्रातूनच गेले. पण त्याने उसळलेले पाणी देवबागच्या वस्तीत शिरले. "अंगणात रांगोळी घातललंय," काकी म्हणाल्या. "पाणी इला ता रांगोळी घेवन गेला. पणत्यो माडात गावल्यो." मग घरातल्या तांदळाच्या पिंपाचे काय झाले आणि विहिरीचे पाणी किती महिने तोंडात घालवेना, ते त्यांनी सांगितले. सौभाग्यवतींचे माहेर कोल्हापुरात शाहूपुरीतले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी त्या घरात आले होते. ते ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ अजून पुसट दिसते. दोघी जणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून आपापल्या रेघांची उंची हाताने दाखवीत होत्या. गादी वाळवायला किती दिवस लागतात, गव्हात पाणी गेल्यावर कसा वास येतो, असल्या गोष्टी. आम्हा पुरुषांना त्या संभाषणात जागा नव्हती. गोड्या पाण्याचा गाळ वाईट की खाऱ्या पाण्याचे मीठ वाईट, याचा निकाल त्या दुपारी लागला नाही.

पुढे २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेले. माड मोडून पडले, कितीतरी दिवस वीज नव्हती. समुद्रासमोरच्या दोन खोल्यांपैकी एकीचे पत्रे उडून खाडीच्या बाजूला सापडले. कौलारू जुन्या घराचीही कौले गेली; पण भिंती आणि माणसे माडांच्या आडोशाने सुखरूप राहिली.

सरकारचे नियम काय सांगतात, असे कुणी विचारील. १९९१ साली केंद्र सरकारने किनाऱ्यासाठी जे नियम काढले, त्यांत ग्रामीण भागात भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई होती. २०१९ च्या सुधारित नियमांत दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी ते अंतर पन्नास मीटर केले. विरळ वस्तीला दोनशेच राहिले. कागदावर दोन्ही आकडे समजण्यासारखे आहेत. देवबागला मात्र काही ठिकाणी समुद्राकडून दोनशे मीटर मोजीत निघालेला माणूस खाडीच्या पाण्याशी येऊन उभा राहतो. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याने घर कुठे बांधावे, आणि पोट भरायला दोन खोल्या कुठे काढाव्यात? मुंबईच्या किंवा परदेशी भांडवलाच्या हॉटेलाला एक किनारा गेला तर दुसरा मिळतो. काकींना ही एवढीच जमीन आहे. म्हणून त्यांच्या खोल्यांना नावे ठेवण्याचा अधिकार, पलंगावरून समुद्र मागणाऱ्या आम्हा मंडळींना नाही, असे आमचे स्पष्ट मत झाले.

काकींनी त्यातून आपल्यापुरती एक वाट काढली आहे. पत्रे उडालेली खोली त्यांनी जागच्या जागी पुन्हा बांधली नाही. ती मागे, माडांच्या आत, विहिरीपासून थोड्या अंतरावर बांधली. तिला कौले घातली, पुढे लहानसा ओटा ठेवला. मोकळ्या झालेल्या जागेत मर्यादवेलीच्या फांद्या आणून लावल्या आणि बाजूने काट्यांचे कुंपण केले, कारण लावल्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या मुलांनी तिथे क्रिकेटचा डाव मांडला होता. वेल आता चांगली दहा-बारा हात पसरली आहे. घरधन्यांना हा सगळा उपद्व्याप पसंत नव्हता, कारण मागची खोली रिकामी राहते. राहिलीच कुणी तर भाव पाडून मागतो. थोरल्या मुलाचे म्हणणे, पुढे काचेच्या दाराच्या दोन खोल्या काढू, चार वर्षांत पैसे सुटतील, पुढचे पुढे. मुलगा चुकतो असेही म्हणवत नाही. त्याच्या होडीचे हप्ते चालू आहेत आणि रापणीत काय मिळते ते आम्ही सकाळी पाहिलेच होते.

उरलेल्या दोन रात्री आम्ही मागच्या खोलीत राहिलो. मातोश्रींना तीच अधिक आवडली. समोरच्या खोलीत वाऱ्याने त्यांचे कान दुखत होते. ओट्यावर बसले की माडांच्या खोडांमधून खाडीकडे जाणाऱ्या होड्या दिसतात आणि दुपारी बाराला सुद्धा सावली असते. भाडे आम्ही समोरच्या खोलीइतकेच दिले. काकी घेईनात, तेव्हा सौभाग्यवतींनी ते तांदळाच्या डब्याखाली ठेवले आणि निघण्याच्या गडबडीत तसे सांगून टाकले.

सामान मोटारीत चढत असताना काकींचा मोबाइल वाजला. पलीकडचे गृहस्थ इचलकरंजीचे असावेत, आवाज चांगला खणखणीत होता. काकी एका हाताने खाजाचा पुडा मुलांना देत फोनवर बोलत होत्या: "होय, खोली आसा... होय, पाणी गोड्या... समुद्र? ऐकाक येता. नाय, दिसणा नाय. येवा आणि बघा तरी, मगे सांगा."

पलीकडून बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. गृहस्थ बहुधा घरात विचारायला गेले होते.